उठवायची शिट्टी

शिट्टी तुम्ही नेलीत. नाही म्हणू नका. हेलिकॉप्टरात चढताना तुमच्या साहेबाच्या गळ्यात ती लोंबत होती, सगळ्या गावाने पाहिलंय.

आमच्या माळावर अतिरेक्यांशी लढायची शाळा तुम्ही काढलीत. बंदुका तुमच्या, जवान आमचे. अतिरेकी तेवढे कमी पडत होते, म्हणून माझ्या नवऱ्याला नोकरी लागली. रोज सकाळी हे तोंडाला फडकं गुंडाळून माळावर जायचे, जवान गोळ्या घालायचे, हे मरायचे. मग साहेब पितळी शिट्टी फुंकायचा आणि मेलेले सगळे उठून कपडे झटकायचे. शिट्टीच्या आवाजाने भोकं बुजत. एखादं राहिलंच तर संध्याकाळी मी कणकेने लिंपायचे, नाहीतर प्यायलेला चहा बरगडीतून ओघळायचा.

"आज किती वेळा मेलात?"

"तीनदा. एकदा नीट पडलो नाही, ते धरलं नाही."

शेजारची मथुरा म्हणायची, "तुझा मरून तेलाचा डबा घेऊन येतो गं. माझा जिवंत असून खाटेवरून हलत नाही."

डब्यावर तुमचा झेंडा होता. तेल चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मला पहिल्यापासून खटकत होतं. माझे धाकटे दीर, जालिंदर भाऊजी, त्याच शाळेत जवान होते. दार कसं फोडायचं, माणसाला कुठे नेम धरायचा, सगळं शिकले. शिट्टी मात्र तुम्ही कुणाच्या हाताला लागू दिली नाहीत. साहेब अंघोळीलाही ती काढत नव्हता म्हणे.

सरावासाठी माळावर प्लायवुडचं गाव उभं केलं होतं. ते रोज थोडं थोडं आमच्याकडे सरकायचं. एका सकाळी मी दार उघडलं तर ते हलकं लागलं. प्लायवुडचं झालं होतं. शाळेचं तारेचं कुंपण आमच्या परसाच्या मागे गेलं होतं. आता ह्यांना कामाला जायचं म्हणजे उंबरा ओलांडला की झालं.

"बरं झालं, चालणं वाचलं," हे म्हणाले.

मग राजधानीत सरकार उलटलं. हे तेव्हा आमच्याच दारात मरून पडले होते. साहेबाने घड्याळात पाहिलं, हेलिकॉप्टर उतरलं, धुरळा उडाला. धुरळा बसला तेव्हा साहेब नव्हता, हे पडलेलेच होते आणि जवानांच्या गोळ्या चालूच होत्या.

"भाऊजी, उठवा ना ह्यांना."

"वहिनी, ते आम्हाला शिकवलं नाही."

"मग जे शिकवलं ते तरी थांबवा."

"तेही शिकवलं नाही."

मी कुकर चढवला. पहिल्या शिट्टीला ह्यांच्या पायाचा अंगठा हलला. दुसरीला पापणी. मथुरा ओरडली, "आच वाढव गं, हलतोय तुझा!" तिसरी व्हायच्या आत जवान आले आणि गल्लीतले सगळे कुकर उचलून घेऊन गेले. जाता जाता मथुराच्या नवऱ्याला खाटेवरच मारलं. त्या बिचाऱ्याला तर पडायचाही सराव नव्हता.

आता गल्लीत उभी माणसं कमी आणि आडवी जास्त. कुणी थंड होत नाही, कुणाला वास येत नाही. आम्ही ओलांडून पाण्याला जातो. वारा सरहद्दीकडून आला की शिट्टी ऐकू येते. तिकडे तुम्ही नवी शाळा काढलीत. तिकडचे उठतात. आमचे नुसती मान त्या बाजूला वळवतात, सगळे एकदम.

आज भाऊजी आमच्या दारात उभे आहेत. बंदूक तुमचीच आहे. मी ह्यांच्या छातीतलं भोक लिंपत बसले होते, कणीक अजून बोटांना आहे.

"वहिनी, पडा," ते म्हणतात. "आणि नीट पडा. हात डोक्याखाली घेऊ नका."

पडते. भाऊजींना काही विचारत नाही, त्यांना तेवढंच येतं. विचारते तुम्हाला, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी जमिनीला पाठ टेकणार नाही: उठवणार कोण?