ताईचं झाड आणि गल्लीभरचं पाणी

या, जरा सरकून बसा, मागच्यांनाही जागा द्या. देवाचं नाव घेऊन झालं, आता एक गोष्ट ऐकून जा. भावाची आहे आणि झाडाची आहे. मध्येच डोळे ओले झाले तर घाबरू नका, हसतच उठाल.

एका गल्लीत एक इस्त्रीवाला होता. त्यानं इस्त्री केलेली कॉलर इतकी ताठ की लोक त्याला कडकभाऊ म्हणत. माणूस मात्र लोण्याहून मऊ. त्याच्या दुकानासमोरचं मोठं झाड वादळात पडलं आणि गल्लीची सावलीच गेली. तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीनं त्या पडल्या झाडाच्या शेंगा गोळा केल्या, पत्र्याच्या डब्यात बी रुजवलं, आणि रोप हातभर झाल्यावर त्याच जागी लावलं. बघता बघता ते भावाच्या खांद्याला लागलं.

पुढे ताईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. निघताना ती म्हणाली, "धाकट्या, माझं काय व्हायचं ते देव बघेल. झाड तेवढं तू बघ."

ताई दवाखान्यात गेली आणि इकडे झाडानं मान टाकली. पानं पिवळी पडून गळायला लागली. कडकभाऊनं पाणी वाढवलं, सकाळी बादली, दुपारी बादली. झाड आणखीच मलूल!

"अहो, परवा शर्ट करपवलात. लक्ष कुठंय?" बायको म्हणाली.

"झाडात."

"मग झाडालाच इस्त्री करा!"

दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, ताई रविवारी घरी येणार होती. "झाड कसंय रे?"

"मजेत! नवी पालवी फुटलीय," तो बोलून गेला. आयुष्यात ताईशी खोटं बोलला नव्हता. दवाखान्यातून वाचून आलेल्या बहिणीला आता दाखवायचं काय, काठी?

शनिवारी झोप लागेना म्हणून तो पहाटेच दुकानात येऊन बसला. बाहेर पाण्याचा आवाज झाला. फटीतून बघतो तर बेकरीवाला, अंगभर पीठ, झाडाला बादली ओततोय! तो वळतो न वळतो तोच शिवणवाल्या काकू पातेलं घेऊन हजर. त्यांच्या मागे पोस्टमन, दोन्ही हातांत बाटल्या.

"काकू!" कडकभाऊ दार उघडून ओरडला.

"अगं बाई! हळू रे, मलाही हृदय आहे!"

"तुम्ही रोज पाणी घालता?"

"रोज. ताई दवाखान्यात, तुझी इकडे तारांबळ. म्हटलं झाड तहानलेलं राहायचं."

"मीही तेच म्हटलं," पोस्टमन म्हणाला.

बेकरीवाला डोकं खाजवत परत आला. "माझी पोरगी शाळेतून येताना बाटली रिकामी करते, ते वेगळंच."

कडकभाऊनं मातीत बोट खुपसलं. नुसता चिखल, वर कुजका वास. त्यानं ते बोट सगळ्यांपुढे धरलं. "अहो, झाड तहानलेलं नाही. आपण सगळ्यांनी मिळून बुडवलंय त्याला!"

मग काकूंना हसू फुटलं आणि चौघंही हसत सुटले. हसता हसताच त्यांनी चर खणून साचलेलं पाणी गटारात काढून दिलं, चिखल उपसला, मुळांभोवती कोरडी माती घातली. आता पाण्याला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

रविवारी ताई गाडीतून उतरली. झाडाचं शेवटचं पानही गळालं होतं, म्हणून कडकभाऊनं पुढे दोरी बांधून चादर वाळत टाकली होती.

"चादर कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"बाजूला कर."

त्यानं चादर ओढली. "ताई, मी खोटं बोललो गं." आणि एका दमात त्यानं सगळं सांगून टाकलं.

ताई हळूच वाकली. नखानं खोडाची साल जराशी खरवडली. खाली ओलसर, हिरवंगार!

"जिवंत आहे रे वेड्या!"

कडकभाऊनं इतका मोठा श्वास सोडला की काकू म्हणाल्या, "चादर उडाली असती!"

ताई हसायला लागली, छातीला हात धरून. "अरे, डॉक्टरांनी मलाही पाणी मोजूनच प्यायला सांगितलंय. आता आम्ही दोघं मिळून पथ्य पाळू."

आणि देवाची कृपा बघा, ताई गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागली त्याच सुमाराला झाडाला पालवी फुटली. कडकभाऊचं खोटं उशिरा का होईना, खरं झालं.

आता उठताना एवढं करा. दारचं झाड मलूल दिसलं, तर बादली उचलण्याआधी मातीत बोट घाला, आणि चादरीमागे झाड लपवणाऱ्या त्या भावाची आठवण काढा.