घराचा कल

"ढकलू नका बाई, दार थोडं उचला आणि मग आत या," मिस्त्री आतून ओरडले. दार कुरकुरत उघडलं. पालिकेच्या इंजिनीअर बाई फाइल छातीशी धरून उंबऱ्यात उभ्या होत्या.

मिस्त्रींनी पन्नास वर्षं गवंडीकाम केलं. लोकांची नवी घरं बांधली, राहिले मात्र या जुन्या घरात. इथे जिन्याची पाचवी पायरी आखूड, स्वयंपाकघराची जमीन उतरती. हातातून बटाटा निसटला की थेट मोरी गाठायचा. वरचा नळ सोडला की खालचा शिट्टी मारायचा. मिस्त्रींच्या या खोडी अंगवळणी पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आलेल्या सूनबाईचं मात्र घराशी अजून जमलं नव्हतं.

"तडा कुठाय? अर्जात लिहिलंय, वरच्या खोलीत," बाई म्हणाल्या.

"अर्ज? कुणी केला?"

बाईंनी नकळत सूनबाईकडे पाहिलं. तिचा चेहराच उतरला.

"मी केला, बाबा. रात्री भिंत अंगावर येईल असं वाटायचं. तुम्हाला विचारायचा धीर होईना."

घर धोकादायक ठरलं, तर महिन्याभरात रिकामं करावं लागणार होतं. मिस्त्री म्हणाले, "बरं केलंस. तुला आधीच सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. चला वर."

वर जाऊन त्यांनी भिंतीलगतचं कपाट सरकवलं. छतापासून आलेला तडा कपाटामागे पार खालपर्यंत गेला होता. त्यावर जागोजाग काचेच्या बोटभर पट्ट्या आडव्या बसवलेल्या आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने तारीख.

"तडा हलला की काच फुटते," मिस्त्री सूनबाईला म्हणाले. "सव्वीस वर्षांत एकच फुटली, ही बघ. तेव्हा समोरचा रस्ता खणला होता. मी पाया उकरून पुन्हा बांधून काढला. त्यानंतर एकीलाही चरा नाही."

बाईंनी वाकून एकेक पट्टी पाहिली. "अकरा! काका, हे आम्ही फक्त पुस्तकात वाचलं. स्वतःच्या घरात कुणी केलेलं पहिल्यांदा पाहतेय."

"लोकांच्या भिंतींची काळजी केली, मग स्वतःच्या नको का करायला?" मिस्त्रींची मान जरा ताठ झाली होती.

बाईंनी 'राहण्यास योग्य' असं लिहिलं. सूनबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. बाई सही करणार तोच मिस्त्री म्हणाले, "थांबा. मागची गॅलरी राहिली."

"पाहिली ना खालून. ठीक आहे की. रंगही नवा दिसतोय."

"रंगच तेवढा ठीक आहे."

त्यांनी खोलीचं मागचं दार उघडलं, गुडघ्यावर बसून गॅलरीची एक फळी उचकटली आणि खालच्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"चार वर्षं टेकू देत चालवलं. आमची ही रोज सकाळी इथे बसून भाजी निवडायची. ती गेली, आणि ही पाडायला माझा हात काही धजेना. पण तुम्ही सही करायची आणि मी गवंडी असून गप्प बसायचं, हे जमणार नाही. लिहा, गॅलरी पाडावी."

बाईंनी तसं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी गॅलरी स्वतः उतरवली. मजुराला हात लावू दिला नाही. मग दाराच्या जागी कमरेएवढी भिंत घातली आणि वर खिडकीची चौकट उभी केली. सूनबाई बाह्या वर करून विटा देत होती. ती मागे सरून पाहू लागली.

"बाबा, खिडकी वाकडी दिसते हो."

मिस्त्रींनी ओळंबा सोडला. दोरी चौकटीला चाटून सरळ खाली आली.

"खिडकी सरळ आहे, पोरी. घर वाकडं आहे."

दोघांनाही हसू आवरेना.

"मग राहू द्या तशीच," ती म्हणाली.

मिस्त्री चौकटीकडे बघत राहिले. ओळंब्याबाहेर गेलेल्या भिंती त्यांनी आयुष्यभर निर्दयपणे पाडायला लावल्या होत्या. त्यांनी दोरी गुंडाळून खिशात टाकली आणि चौकटीची पाचर सैल केली.

"तिथूनच सांग. घराच्या कलाने घेऊ."

"जरा डावीकडे... अजून थोडं... बस, बाबा, बस!"

त्यांनी पाचर ठोकली. समोर आता नुसतं आभाळ होतं, आणि ऊन थेट खोलीत येत होतं. मिस्त्रींनी चौकटीभोवतीचा गिलावा थापीने सावकाश गुळगुळीत केला, मग काम संपल्यावरही उगीच एकदा हात फिरवला.