मंगळवारचे तात्या

त्या श्रावणात मी जिथे जाई तिथे बोलणे थांबू लागले. विहिरीवर बायकांच्या घागरी भरत राहत, पण आवाज विझून जात. ओट्यावर बसलेले पुरुष एकदम कपाशीवरच्या माव्याबद्दल बोलू लागत, आणि तेही इतक्या घाईने, की आधीचा विषय दुसराच होता हे लपत नसे. प्रथम मला वाटले, हा माझ्याच अबोलपणाचा प्रतिध्वनी असावा. जो स्वतः बोलत नाही त्याच्याशी लोक तरी किती काळ बोलतील? मग एके सकाळी, माझ्यासमोर काही न बोलण्याची रूपलीबाईने आपल्या जावेला दिलेली ताकीद माझ्या कानी पडली.

"त्याना मोरे नको बोलू. मंगळवारले रेडिओमा ऐकू येई."

आदल्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, कळसाडीच्या ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला होता. चावडीत लाकडी पेटी, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली पंचायतीचा कारकून म्हणून माझ्याकडे. सांजेला पेटी उघडायची, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लावायचा, संपला की पुन्हा कुलूप. बॅटरी उतरली की ती पोत्यात गुंडाळून एसटीने शहाद्याला न्यायची आणि भरून आणायची. मंगळवारी त्याच कार्यक्रमात दहा मिनिटांची एक गमतीची श्रुतिका लागे, 'तात्यांचा ओटा'. तात्या नावाचा एक तिरसट, चिक्कू म्हातारा, त्याची जिभेची धारदार बायको, आणि त्यांच्या ओट्यावर येणारीजाणारी माणसे. शेवटी एक बाई शांत स्वरात सांगे : लेखक, दा. रा. ओगले. सगळे भाग या एकाच माणसाने लिहिलेले असत. मुंबईच्या या अनोळखी माणसावर मनातून माझा जीव जडला होता, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यातले कोणते भाग उत्तम, याचा निवाडा मी एकट्याने, बॅटरीचे ओझे मांडीवर घेऊन, एसटीच्या खिडकीशी कितीदा तरी केला असेल. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तात्या शेतकी अधिकारी समजतो आणि कंपोस्टचा खड्डा दाखवत हिंडवतो, तो भाग बराच काळ माझा लाडका होता. गावाचा लाडका भाग मात्र टॉवेलचा. आमच्याकडे लग्नात असो की दुःखात, पुरुषाला टोपी-टॉवेल द्यायची रीत आहे. तो टॉवेल कोणी अंगाला लावत नाही. पेटीत ठेवायचा आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला द्यायचा. तात्या एका लग्नात कोपऱ्यावर हळदीचा डाग असलेला टॉवेल खपवतो, तो पाच घरे फिरून त्याच्याच नातवाच्या बारशाला परत येतो, आणि तात्या डागाकडे बघून देणाऱ्याच्या कंजूषपणावर व्याख्यान देतो. चावडीत लोक हसून लोळले होते. हसता हसता सगळ्यांनी भिकन आबांकडे चोरून पाहिले होते, कारण तसाच डागाचा टॉवेल आबांनी एका लग्नात दिला होता, हे गावभर माहीत होते.

भिकन आबा आमच्या भाऊबंदांतले सर्वांत वडील. त्या दिवशी तेही ओठांच्या कोपऱ्यात हसले होते. म्हणून पुढे जे झाले त्याचे मूळ लोकांनी टॉवेलमध्ये शोधले, तरी मला ते तिथे कधीच दिसले नाही.

मूळ आषाढातल्या एका भागात होते. माझ्या मते ओगल्यांनी त्याहून चांगले काही लिहिले नाही. तात्याची बायको आजारी पडते, तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, आणि तात्या एकटा चुलीपुढे बसतो. भाकरी तव्यावरून चुलीत पडते, तात्या तव्यालाच शिव्या देतो, मिठाचा डबा सापडत नाही म्हणून भिंतीशी भांडतो. चावडी हसत होती. मग दोन ताटे मांडल्याचा आवाज येतो, आणि तात्या म्हणतो, बस जेवायला. क्षणभर कोणी हसत नाही. लगेच मांजर ओरडते आणि हसू पुन्हा सुटते, पण तो क्षण मी अजून विसरलो नाही. त्याच क्षणी भिकन आबा उठून, धोतर झटकून, पायऱ्या उतरून गेले.

ते का उठले, हे मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी आबांची बायको नानीबाई धुळ्याच्या दवाखान्यात होती, आणि सून बाळंतपणाला माहेरी. काकूने दिलेली भाजी घेऊन मी एका दुपारी आबांच्या स्वयंपाकघरात डोकावलो होतो. आबा जेवत होते. त्यांच्या समोर दुसरे ताट वाढलेले होते, आणि त्या ताटामागे कोणी नव्हते. त्यांनी मला पाहिले. मी भाजी उंबऱ्यावर ठेवून निघालो. नानीबाई धुळ्याहून परत आली नाही. त्या ताटाबद्दल मी कोणाशी अक्षर बोललो नव्हतो, आणि आबांनाही ठाऊक होते की ते पाहणारा मी एकटाच.

मग ओगल्यांना कसे कळले? ताटाची गोष्ट गावाला ठाऊक नव्हती; आबा उठून गेले एवढे पाहून त्याला टॉवेल आठवला, आणि त्याने सरळ उत्तर काढले : ओगले नावाचा कोणी माणूसच नाही. जो बोलत नाही, नुसते ऐकतो, जो बॅटरीच्या निमित्ताने सारखा शहाद्याला जातो, ज्याच्याकडे पेटीची किल्ली आहे, तोच लिहितो. चावडीत एकाने मला हसत विचारले, "धुडकूभाऊ, आते तात्या काय करी, तू ते सांग. बॅटरीमा काय भरी लयना?" सगळे हसले, पण पेटी उघडताना त्यांची नजर माझ्या हातावर होती.

संशयाची लागण मलाही झाली. मी स्वतःला विचारू लागलो, तापात कधी बरळलो तर नसेन? शहाद्याच्या एसटीत एखाद्या अनोळखी सहप्रवाशाला मन हलके करण्यासाठी सांगितले तर नसेल? मी स्वतःच्या आठवणींची अशी झडती घेतली, जशी चोराच्या घराची घेतात. काही सापडले नाही. तरी खात्री होईना.

आईबाप लहानपणीच गेल्याने मी सुपडू काकांच्या घरी वाढलो. एका दुपारी काकांनी मला गोठ्यात बोलावले आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता, विचारले.

"पोऱ्या, खरं सांग. तू लिखस का ते?"

"नही, काका."

"मंग त्याले कसं ठाऊक?"

काका म्हणाले, की आबांनी निरोप धाडला आहे. कानबाईचा सण तोंडावर आला होता. आमच्यात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. वडील माणूस नाव घेतो, मूठ टाकतो, आणि त्या एकत्र दळलेल्या गव्हाचा रोट फक्त भाऊबंदच खातात. ज्याचे नाव घेतले गेले नाही, तो त्या घराचा नव्हे. आबांची अट अशी होती : धुडकूने सर्वांसमोर कबूल करावे, माफी मागावी, मग त्याच्या नावाची मूठ पडेल. नाहीतर नाही.

ज्याला आईबाप आहेत त्याला ती मूठ म्हणजे एक रीत वाटेल. मला मात्र वर्षातून एकदा मोठ्याने घेतलेल्या त्या नावाखेरीज या जगात बांधून ठेवणारे दुसरे काही नव्हते. आणि न केलेल्या गोष्टीची माफी मागणेही माझ्याने होणारे नव्हते.

सणाच्या आधीच्या बुधवारी मी बॅटरी घेऊन शहाद्याला गेलो. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहा घेत असताना बाजूच्या बाकावर तात्यांचा विषय निघाला. हॉटेलवाला प्रेमचंद गल्ल्यावरून तावातावाने सांगत होता, की हा तात्या म्हणजे त्याचा सासरा, आणि लिहिणारा म्हणजे त्याचा साडू, दुसरा कोणी असूच शकत नाही. दोन ताटांचे सुद्धा? कोणीतरी विचारले. प्रेमचंद म्हणाला, दोन ताटांचे तर विशेषच, सासऱ्याने महिनाभर तसेच केले होते. तेवढ्यात रनाळ्याचा एक शेतकरी उठून म्हणाला, की भलतेच काय बोलतोस, तो टॉवेल आमच्या गावचा आहे, आणि लिहिणाऱ्या मास्तराची बदली करायला आम्ही अर्ज दिला आहे.

माझा चहा निवून गेला. किती घरांत, किती म्हाताऱ्यांनी, रिकाम्या जागेपुढे ताट वाढले असेल! ओगल्यांना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी बहुधा एकच म्हातारा पाहिला होता, कदाचित आपल्याच घरातला. मी सुटलो होतो. प्रेमचंदला मी भीत भीत विचारले, आमच्या आबांपुढे येऊन हे सांगाल का? तो म्हणाला, कळसाडीला माझी बहीण आहे, सणाच्या दिवशी येतोच आहे.

गहू काढण्याच्या सकाळी भाऊबंद आबांच्या ओसरीवर जमले. मधे कोरे सूप, बाजूला निवडलेल्या गव्हाची रास. बायका आत गाणी म्हणत होत्या. प्रेमचंद आल्याचे मला दिसले, तो फाटकाशी पादत्राणे काढत होता. तोंडातले वाक्य मी रात्रभर घासून ठेवले होते. तेव्हा आबा उठले आणि मला म्हणाले, जरा आत ये.

स्वयंपाकघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघे उभे राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. गावाला दाखवण्यापुरती अट घातली, असे काहीसे ते पुटपुटले. मग म्हणाले,

"टॉवेलनं मी तुले इचारी नही ऱ्हायनू. ताटनं बी नही. तू दखं व्हतं, तू लिखं. जाऊ दे." आवाज आणखी खाली नेऊन त्यांनी विचारले, "ती बाई अजून दवाखानामाच शे. दोन मंगळवार व्हयी गयात, तिना आवाज नही. ती घर येई का?"

बाहेर काका प्रेमचंदला बसायला सांगत होते. एका हाकेत मी निर्दोष ठरलो असतो. पण मग या माणसाने हा प्रश्न कोणाला विचारायचा? मुंबईच्या ओगल्यांना? मी आबांचा चेहरा पाहिला. त्यावर राग शोधूनही सापडला नाही. माझ्याकडून ते न्याय मागत नव्हते, बातमी मागत होते.

"येई, आबा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. आल्याबरोबर चूल दखी तात्याले शिव्या देई."

आबांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की नाही हे मला कळले नाही. "तिले मारू नको," ते म्हणाले, आणि ओसरीवर गेले.

मी मागोमाग गेलो, सर्वांसमोर हात जोडले आणि जे लिहिले नव्हते त्याची माफी मागितली. प्रेमचंद तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. त्याने काकांच्या कानात काहीतरी विचारले, मी मान हलवून त्याला गप्प केले. ओसरीवर कोणीतरी समाधानाने म्हणाले, मी म्हणत नव्हतो?

आबांनी माझे नाव घेतले, माझ्या बापाच्या नावासकट, मोठ्याने. गहू सुपात पडले. आणि मी, त्या राशीकडे बघत, हिशेब करू लागलो, की मंगळवार परवा आहे, आणि तिकडे मुंबईत एका माणसाने त्या बाईचे जे काही करायचे ते केव्हाच करून ठेवले असेल.