लेकीच्या घरचं पाणी

आमच्या आबांचा एक नेम आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. हा काही त्यांनी एकट्यानं काढलेला नाही, जळकोटात जुनी माणसं सगळीच पाळायची. फरक एवढाच, की बाकीच्यांच्या लेकींना वर्ष-दोन वर्षांत मूल झालं आणि त्यांचा नेम सुटला. माझी धाकटी बहीण निकिता, तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली.

आईनं तो नेम दुसऱ्याच वर्षी मोडला. निकिताच्या मोरीत उभी राहून चहा प्याली आणि मला म्हणाली, "मोरी काय घरात धरत न्हाईत." आईचा कायदा असा सोयीचा असतो. आबांचं तसं नाही. बलभीम आबा एकदा अडले की अडले, मग देव खाली आला तरी हलायचे नाहीत.

निकिताचा नवरा कृष्णराज गुहागरजवळच्या शाळेत मास्तर आहे. आमच्याकडची निम्मी पोरं मास्तर होऊन कोकणात लागलीत आणि बदलीच्या यादीकडं डोळे लावून बसलीत, त्यातलाच हा एक. दर मे महिन्यात दोघं गावी यायची. गेली दोन वर्षं निकिता आली नाही. कधी दाजींचं प्रशिक्षण, कधी तिची कंबर, काहीतरी कारण असायचंच. खरं कारण मला ठाऊक होतं. गावात पाय टाकला की बाया तोंडाकडं न बघता पोटाकडं बघतात.

जानेवारीत तूर काढून झाली, ज्वारी अजून उभी होती. एक दिवस आई म्हणाली, "म्या निकिताकडं चालले. तुमी येनार असलाव तर या." तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "चला, कोकण बघून यिऊ."

मी जळकोट-लोहारा रस्त्यावर जीप चालवतो. परगावी न्यायला मित्राची, अमरनाथची, बोलेरो घेतली. आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाट्यांचा डबा भरला, आबांनी वीस लिटरचा पाण्याचा जार स्वतः उचलून मागं ठेवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आबांचं कोकण बघणं म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी उघड झालं. मुक्काम निकिताकडं नाही, शृंगारतळीच्या लॉजवर. सकाळी उठून कुठल्यातरी गावाला जायचं, दुपारी हॉटेलात नाहीतर झाडाखाली जेवायचं, चार वाजता निकिताकडं पोचायचं आणि सहाला निघायचं. जेवणाची वेळ चुकवून. चहाची वेळ मात्र कशी चुकवणार? म्हणून दारात गाडी थांबली की आबा आधी जारातलं तांब्याभर पाणी पिऊन घ्यायचे आणि आत जाऊन सांगायचे, "आत्ताच झालं बग."

निकिता तरीही पाण्याचा पेला पुढं ठेवायची. आबा त्याला बोट लावायचे आणि सरकवून द्यायचे. ती तो पेला उचलून परसातल्या जास्वंदीला घालायची. तोंडावर काही नाही. जसं काही हे असंच करायचं असतं.

माणसानं एवढा लांब चारशे किलोमीटर यायचं आणि लेकीच्या दारात उन्हानं घशाला कोरड पडलेली असताना जारातलं पाणी प्यायचं! मला रोज संताप यायचा. पण गाडी चालवणाऱ्यानं बापाशी भांडू नये, वळणं फार आहेत त्या रस्त्याला.

तसं आबांना कोकण आवडत नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी चिपळूणच्या बाजारात ते भाजीवाल्यांच्या पाट्या बघत हिंडले. वेळणेश्वरला समुद्र बघून म्हणाले, "एवढं पाणी आन् एक एकर भिजत न्हाय." हेदवीला देवदर्शन झालं, तिथल्या पुजाऱ्याला त्यांनी विचारलं, "हितं ज्वारी कुठंच दिसंना, खातासा काय?" पुजारी म्हणाला, "भात." आबांना त्या माणसाची दया आली. त्यांनी त्याला आपल्या डब्यातली एक कडक भाकरी दिली. त्यानं ती दोन्ही हातांत धरून वाजवून बघितली.

तिसऱ्या दिवशी दाजींना शाळा होती, निकिता आमच्याबरोबर आली. धोपाव्याला गाडी फेरीबोटीवर चढवली आणि दाभोळकडं निघालो. आई-आबा गाडीतच बसून राहिले. जमीन सोडून पुढं सरकणाऱ्या गाडीत बसायचं आईला भ्या वाटत होतं आणि उतरायचं त्याहून जास्त. मी आणि निकिता कठड्याशी उभे होतो.

"दादा," ती म्हणाली, "आबा एकदा माझ्या हातचं जेवले ना, मला बाकी काही नको बघ."

"मूल झाल्यावर जेवतीलच की."

तिनं खाडीकडं बघत सांगितलं. तीनदा उपचार केले, तिन्ही वेळा फुकट गेले. दिवाळीनंतर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, आता थांबा. "आबांना सांगू नको. आईलाबी नको."

मी नाही सांगत म्हणालो. ती दापोलीला आमच्याबरोबर हॉटेलात जेवली, आबांनी तिला आग्रह करून दुसरी पोळी घ्यायला लावली. हॉटेलात लेकीबरोबर जेवलेलं चालतं. हर्णैच्या बंदरावर आई नाकाला पदर लावून मासळीचा लिलाव बघत होती, निकिता तिला एकेका माशाचं नाव सांगत होती आणि दोघी हसत होत्या. मी त्यांच्याकडं बघत होतो.

निकिताला घरी सोडून शृंगारतळीला परत येताना माझ्या पोटात राहिलं नाही. आई मागं डुलक्या घेत होती.

"आबा, निकिताला मूल व्हनार न्हाय. डॉक्टरनी सांगितलंय. म्हंजी तुमी जलमभर तिच्या घरी जेवनार न्हाय का?"

आबांनी विचारलं, "तिनं सांगितलं?"

"व्हय."

"रडली का?"

"न्हाय."

"मग लई झालंय तिला," आबा म्हणाले आणि खिडकीची काच खाली केली.

चौथा दिवस परतीचा. आबा सकाळपासून कुठं जायचं म्हणाले नाहीत. साडेबाराला म्हणाले, "चल, निकिताकडं." मी गाडी काढली. छाती फुगली होती. आठ वर्षांची गाठ मी एका वाक्यात सोडवली होती, असं मला वाटत होतं.

दारात आबांनी जाराकडं बघितलंही नाही. पाय धुतले, आत जाऊन भिंतीला टेकून मांडी घातली. रविवार होता, दाजी घरीच होते, ते घाईघाईनं सदरा अडकवत बाहेर आले. निकितानं पेला आणून ठेवला आणि नेहमीसारखी वळली.

आबांनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"ताट वाढ," ते म्हणाले. "भूक लागलीया."

निकिता जागच्या जागी उभी राहिली. आई तोंडावर हात ठेवून बघत होती. मग निकितानं ताट घेतलं, भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. आबांनी घास मोडला, तोंडात घातला. ती अजून समोरच उभी.

"दादानं सांगितलं तुमाला."

आबा चावत होते. मी जमिनीकडं बघत होतो.

"एवढ्या वर्षांत डॉक्टरनी आशा सोडली, सासूनं सोडली, ह्यांनी सोडली," ती दाजींकडं बघत म्हणाली, "समद्यांनी वाट बघायचं सोडलं. तुमी तेवढं पाणी पीत नव्हता. मला वाटायचं, एक मानूस अजून वाट बघतंय. आज तुमीबी सोडलं."

माझ्या कानशिलात कुणी लगावली असती तरी एवढं लागलं नसतं. ती पाण्याचा पेला रोज का ठेवत होती, ते मला तेव्हा समजलं. तिला आबांना जेवायलाही घालायचं होतं आणि त्यांनी जेवू नये असंही वाटत होतं, आणि मी शहाणा मध्ये पडलो होतो.

आबांनी हातातला घास ताटात ठेवला नाही. तो खाल्ला. मग म्हणाले, "निकिता, मी पोराची वाट बघत बसलो आन् माझी पोरगी दोन वर्षं माझ्या दारात आली न्हाय. त्या नेमाचं मला काय करायचंय?"

निकिता तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. दाजी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. आई उठायला लागली तर आबांनी तिला हातानं थांबवलं. "रडू दे. आपल्या मानसांत रडतीया."

आणि ते जेवत राहिले. त्यांचेही डोळे वाहत होते, ते पुसायला त्यांनी हात थांबवला नाही. मी आबांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं निकितानं पदरानं तोंड पुसलं, उठली, चुलीपाशी गेली. गुहागरला आठ वर्षं राहून तिच्याकडं आता रोज भात होतो.

"आबा, भात वाढू?"

"वाढ," आबा म्हणाले. "आन् तुझंबी ताट घे. ह्या उन्हाळ्यात घरी आल्यावर मी तुला वाढीन."