जोतीरामची पाठ

वैद्यकशास्त्रापुढं राजा-रंक, शहाणा-अडाणी सगळे सारखेच, असं डॉक्टर नृसिंह देशिंगकर मनापासून मानत. पण त्रेपन्न साली गंगावेशीत दवाखाना टाकून सातच महिने झाले होते, आणि तोवर त्यांच्याकडं पहिलवान आला नव्हता.

जोतीराम आला तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. मैदानात समोरच्याचा गुडघा त्याच्या डाव्या बरगड्यांत बसला होता. कुस्ती मात्र बरोबरीत सुटली होती. ओठ जांभळे, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. डॉक्टरांनी नळी लावली. उजवीकडं श्वास ऐकू येत होता, डावीकडं खाली काहीच नाही. बोटानं ठोकलं, तर भरल्या रांजणासारखा बद्द आवाज. छातीत रक्त साचून फुप्फुस दबलं होतं.

“टेबलावर उताणं निजवा. सुई घालून रक्त काढायला हवं. लगेच!”

“निजवायचं न्हाय,” त्याच्याबरोबर आलेले वस्ताद आण्णा म्हणाले.

“का?”

“आजवर कुस्तीत पाठ भुईला लागलेली न्हाय त्येची.”

“अहो, हे टेबल आहे! इथं कोण बघतंय?”

आण्णांनी खिडकीकडं बोट केलं. गजांना दुसऱ्या तालमीची चार डोकी चिकटली होती. “इचारपूस कराय आलोय,” त्यातलं एक म्हणालं.

डॉक्टरांनी हात धुतले. नाडी पाहिली, एकशे चाळीस. टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा हात धुतले.

“आण्णा, मरेल हो तो!”

“मरंल तर बसून मरंल की. व्हय रं?”

जोतीरामकडं बोलण्यापुरता श्वास नव्हता. त्यानं मान डोलावली.

शिकताना डॉक्टरांनी हा प्रकार एकदाच पाहिला होता, तोही उंच पोरांच्या मागून. दिसलं होतं ते फक्त सर्जनचं टक्कल. शेवटी त्यांनी जोतीरामला खुर्चीत उलटं बसवलं, पाठीवरची जागा बधिर केली आणि बरगडीच्या वरच्या कडेनं जाड सुई आत सारली. काळपट रक्त आलं. पिचकारीमागून पिचकारी, तांब्याभर. हळूहळू ओठांचा रंग पालटला.

“आण्णा,” जोतीराम बोलला, “भूक लागलीया.”

खिडकीतली डोकी हिरमुसून निघून गेली. “हटला न्हाय बघा गडी!” म्हणत आण्णांनी डॉक्टरांच्याच पाठीत थाप घातली.

आपण शास्त्र सोडून तालमीच्या हट्टापुढं वाकलो, ही टोचणी डॉक्टरांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. छातीतलं रक्त काढण्याच्या प्रकरणातलं पहिलंच वाक्य होतं: रुग्णाला बसवून घ्यावे.