किती वाजले तुझ्याकडे?

माझा दादा सव्वीस वर्षं डोंगरावरच्या टॉवरवर होता आणि मी खाली, ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर, कंट्रोल रूममध्ये. त्याचा फोन आला की हॅलो नाही, कशी आहेस नाही, पहिला प्रश्न ठरलेला, "किती वाजले तुझ्याकडे?" मी भिंतीवरचं घड्याळ बघून सांगायची, तो "जुळलं" म्हणायचा आणि मगच कामाचं बोलायचा. एकदा वैतागून म्हणाले, "दादा, गाडी चुकतेय का तुझी?" तर म्हणाला, "ठमे, आपलं सगळं या जुळण्यावर चाललंय."

आणि चाललेलं होतंच. आमचे आठ टॉवर एकमेकांशी हवेतून बोलतात, मध्ये केबल नाही. एक बोलायला लागला की शेजारच्यानं तोंड मिटून ऐकायचं, मग पाळी बदलायची. ही पाळी पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा बदलते. मिनिट सोडा, सेकंदाच्या हजाराव्या भागानं जरी कोणाचं घड्याळ सरकलं तरी तो दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालतो आणि कोणाचंच कोणाला कळत नाही. म्हणून मुख्य घड्याळ आमच्या गच्चीवर. तिथला एक पांढरा घुमट उपग्रहाकडून वेळ घेतो आणि सगळे टॉवर, शिवाय कंट्रोल रूमच्या भिंतीवरचं घड्याळही, ती मुकाट्यानं पाळतात. फक्त डोंगरावर दादानं आपला वेगळा घुमट बसवला होता. हवा बिघडली की खालची वेळ वर पोचायची नाही, म्हणून. जुन्या साहेबांनी त्याला "लाव की" म्हटलं होतं. तोंडी. कागदावर नाही.

त्या सोमवारी सकाळपासून डोंगरापलीकडचे फोन तुटत होते. तिथल्या दवाखान्याचा तर लागतच नव्हता. कंट्रोल रूममध्ये जो तो दादाच्या नावानं खडे फोडत होता. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"किती वाजले तुझ्याकडे?"

"अकरा दहा."

तो म्हणाला, "माझ्याकडे अकरा आहेत, ठमे."

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. अकरा.

दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. गळती थांबवणारी माणसं डांबर लावत होती. आमचा घुमट कोपऱ्यात प्लास्टिकखाली, डांबराच्या डब्यांशेजारी आडवा पडलेला, वायर लोंबकळत होती. विचारलं तर एकजण म्हणाला, "साहेबांना विचारून काढलाय ताई, आठ दिवसांनी लावणार."

साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना मला सगळं कळलेलं होतं. साहेब मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात, हे ऑफिसात कोणाला ठाऊक नाही? त्याचा त्यांना केवढा तोरा! उपग्रह हरवल्यावर मुख्य घड्याळानं बोंब मारली असणार आणि यांनी मनगटाकडे बघून वेळ हातानं टाकली. सात टॉवरांनी मान डोलावली. दादाच्या घुमटानं डोलावली नाही.

मी सांगितलं. साहेबांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सात टॉवर एक वेळ सांगतायत. तुझा दादा एकटाच वेगळी सांगतोय. मग चूक कोणाची?"

तुमची, असं म्हणायला हवं होतं. मी एवढंच म्हणाले, "सर, दादाची वेळ खरी आहे."

"असेल खरी. पण जुळत नाही ना?"

"घुमट परत लावला की तासाभरात जुळेल."

"आणि काढला कोणी, हे वरचे विचारतील, त्याचं काय?" मग एकदम मऊ आवाजात, "त्याची निवृत्ती चौदा महिन्यांवर आलीये ना? तो वरचा घुमट विनापरवाना आहे. चौकशी लावली तर क्वार्टरही जाईल. त्यापेक्षा तू रिपोर्ट लिही. डोंगरावरचा घुमट सदोष, बंद करून मुख्य घड्याळावर घेतला. तांत्रिक बिघाड. नाव कोणाचंच नाही. विषय संपला."

वहिनी लग्न होऊन त्या क्वार्टरमध्ये आली, दुसरं घर तिला माहीतच नाही. मी दादाला वाचवतेय, असंच मला वाटलं. खरंच वाटलं हो! की वाटून घेतलं, देव जाणे. रिपोर्ट लिहिला, सही केली आणि कंट्रोल रूममधूनच, माझ्याच हातानं, दादाचा घुमट बंद केला. मिनिटभरात सगळे लाल दिवे हिरवे झाले. दवाखान्याचा फोन लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठही टॉवर एकत्र चुकले की काही बिघडत नाही, झकास चालतं.

लगेच दादाचा फोन. "ठमे, माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे कोणी नेलं?"

"वरून ऑर्डर आहे," मी म्हणाले.

विषय कसला संपतोय! दवाखान्यानं लेखी तक्रार केली, तेव्हा खापर फोडायला कोणाचं तरी डोकं हवं होतं. चौकशी लागलीच. त्यात एकच पुरावा, माझा रिपोर्ट. याचा घुमट बंद करताच सगळं सुरळीत झालं, हे त्याच्या सख्ख्या बहिणीनं लिहून दिलंय, आणखी काय पाहिजे? समितीच्या बाईंनी मला विचारलं, "दोघांपैकी कोणाचं घड्याळ बरोबर होतं?" साहेब शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "नोंदीत आहे तेच." समोर दादा आपल्या तळहातांकडे बघत होता.

त्याला काढलं. तोवर गच्ची वाळली होती. घुमट जागेवर गेला, आठही घड्याळं गुपचूप दहा मिनिटं मागे आली आणि कोणी चकार शब्द लिहिला नाही. मीही नाही. साहेबांचं घड्याळ अजून पुढेच आहे.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मी मदतीला म्हणून गेले. वहिनी भांडी कागदात गुंडाळत होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही, मान वर केली नाही. मी एक पातेलं उचललं तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

दादा दारातल्या ट्रंकेवर बसला होता. सवयीनं म्हणाला, "किती वाजले तुझ्याकडे?"

मी मनगटाकडे बघितलं. "चार."

त्यानं स्वतःचं घड्याळ बघितलं.

"माझ्याकडेही चार," तो म्हणाला. "मग तेव्हा का नाही सांगितलंस, ठमे?"