दारापाशची भिंत

भुजंगने काथ्याचा ब्रश सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि भिंतीवरचा एक काळा डाग घासायला घेतला. थोडी जागा धुवून, वाळवून पाहिल्याशिवाय दगड धुण्याचा भाव सांगायचा नाही, ही त्याची रीत. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. निजामाच्या काळातल्या या दगडी कचेरीत नवं कार्यालय थाटायचं होतं, आणि ओव्हरसिअर शिवमूर्तींना भिंती उजळून हव्या होत्या. दुष्काळात बांधकामं बंद पडल्यापासून भुजंगच्या घरी चूल जेमतेम पेटत होती. पाण्याची घागरसुद्धा त्याने येष्टीच्या टपावर घालून घरून आणली होती.

बाकीच्या भिंती सोप्या होत्या. दारापाशच्या भिंतीवर मात्र, बसल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, गोल डागांची रांगच होती.

"हे कशाचे हो?" त्याने म्हाताऱ्या शिपायाला, नरसिंगला विचारलं.

"बायांच्या डोक्याचं तेल हाय, मिस्तरी. रझाकारीत गावोगावचे गडी आत कोंडले होते. त्यांच्या बाया हितं टेकून बसायच्या. कुणाचा परत आला, कुणाचा न्हाई."

भुजंगचा हात थबकला. त्याच्या बापाला, किशनरावाला, रझाकारीतच उचलून नेलं होतं, तो परत आला नव्हता. कुठे नेलं, ते मायने कधी सांगितलं नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते. त्याने पुन्हा ब्रश लावला. भिंत उन्हाने चटके देत होती, तरी तेवढी जागा हाताला कोमट आणि मऊ लागली. करडईच्या तेलाचा वास आला. असा वास घरोघरचाच, असं म्हणत त्याने डाग पार काढून टाकला.

संध्याकाळी तो गावी पोचला, तेव्हा चतुराबाई अंगणात बसली होती. रोजच्यासारखी भिंतीला टेकून नाही, पुढे वाकून.

"काय झालं, माय?"

"दुपारपून डोस्क्यामागं आग होऊन राहिली रं. कुणी घासल्यावानी."

त्याने तिचे पांढरे केस बाजूला केले. कातडी लालभडक, सोलवटलेली. केसांना सोड्याचा वास. घरात सोडा नव्हताच. होता तो सगळा त्याच्या पिशवीत.

"बापाला लातूरच्या कचेरीत कोंडलं होतं का गं?"

"हाव. तू कडेवर होतास." मग तिने विचारलं, "काम मिळालं का?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिरताना त्याने पाहिलं. धुतलेली जागा पुन्हा काळी झाली होती, तेलाने ओली.

"साऱ्या भिंती धुतो, साहेब, तुमी सांगाल त्या भावात," तो शिवमूर्तींना म्हणाला. "दारापाशची तेवढी राहू द्या."

"अरे बाबा, उद्घाटनाला मंत्री त्याच दारातून येणार! तीच काळी ठेवली तर बाकीच्या धुवायच्या कुणासाठी?"

खरं सांगितलं असतं तर साहेबांनी वेड्यात काढलं असतं. भुजंगने ब्रश पिशवीत टाकला. काम नांदेडच्या ठेकेदाराला गेलं. त्याची माणसं उद्या सकाळीच तारेचे ब्रश घेऊन यायची होती.

सकाळी डोक्याची आग निवली म्हणून चतुराबाई पुन्हा अंगणात भिंतीला टेकून बसली. भुजंग तिला खेटून बसला आणि तिचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये त्याने आपला तळहात सरकवला.

"हे काय रं?"

"राहू दे, माय. भिंत तापली हाय."

ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. भिंत गारच होती. थोड्या वेळाने त्याचा तळहात चुरचुरायला लागला, मग सोलवटायला लागला. त्याने दात आवळले, पण हात काढला नाही.